मोठा मासा लागला: पेंढा भरायचा की पाण्यात सोडायचा?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. पलीकडून धापा टाकत आवाज आला, "मामा, मोठा लागलाय! जवळजवळ मीटरभर. भरून घेऊ का सोडून देऊ?"

"मासा आत्ता कुठाय?"

"खडकावर."

"किती वेळ झाला?"

तो घुटमळला. "फोटो काढले, मग फोनला रेंज नव्हती, मग जरा वर चढून आलो…"

"मग आता घेऊनच ये," मी म्हटलं. "सोडायचा वेळ तू रेंज शोधण्यात घालवलास."

गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पण हा प्रश्न पाण्यावर असताना पडला तर उशीर झालेला असतो. हात थरथरत असतात, छाती धडधडत असते, सोबतचा माणूस "अरे बापरे" म्हणण्यापलीकडे काही कामाचा उरलेला नसतो. म्हणून पहिली पायरी काठी बाहेर काढायच्या आधीची आहे: आज मोठा लागला तर काय करायचं, हे घरातून ठरवून निघायचं. सोडायचा ठरला तर एक तयारी लागते, ठेवायचा ठरला तर दुसरी. दोन्ही अर्धवट केल्या की भाच्यासारखं होतं.

मी कुठल्या बाजूचा ते आधीच सांगून टाकतो. मी सोडणाऱ्यांतला. पण माझ्या भिंतीवर एक मासा आहे.

भिंतीवरचा जिताडा

एकोणीस वर्षांपूर्वीचा. लांबी ९६ सेंटिमीटर, घेर ५६, काट्यावर १० किलो ६०० ग्रॅम. तो लागला त्या संध्याकाळी मला दुसरा विचारच सुचला नाही: हा भिंतीवर गेला पाहिजे. एका कारागिराकडे दिला, आठ महिने थांबलो, घरी आणला, खिळा ठोकला. पहिली दोन वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोर उभं केलं.

तिसऱ्या वर्षी पोटाखाली पिवळट डाग दिसू लागले. बोट लावलं तर चिकट. पाठीवरचा पर तडकला. मी कारागिराकडे गेलो तेव्हा त्याने चहा घेता घेता शांतपणे सांगितलं, "साहेब, यात कातडं तेवढं तुमच्या माशाचं. रंग माझा, डोळा काचेचा, आणि डोक्याचा बराचसा भाग पुट्टीचा. डाग पडलेत ते आतलं तेल. मासा तेलकट होता, थोडं राहून गेलं."

त्याची काही चूक नव्हती, कामच तसं आहे. 'पेंढा भरलेला' हा आपला शब्दप्रयोग वाघ-हरणांचा. माशात पेंढा नसतो. कातडं सोलून, आतली चरबी खरवडून, ते फोमच्या सांगाड्यावर चढवतात. डोकं हाडाचं आणि चरबीचं, वाळताना आकसतं, म्हणून ते भरून काढावं लागतं किंवा साच्यातलं बसवतात. आणि रंग? माशाचा रंग कातडीतल्या जिवंत पेशींचा खेळ असतो. मेल्यावर काही मिनिटांतच तो उतरू लागतो आणि वाळलेलं कातडं करडं-तपकिरी दिसतं. भिंतीवरच्या प्रत्येक माशाचा रंग कुणीतरी एअरब्रशने मारलेला असतो.

दुसरा प्रकार फायबरग्लासचा. त्या जातीच्या, त्या मापाच्या माशाचा साचा कारागिराकडे असतो. त्यातून रेझिनची प्रतिकृती काढतात आणि तुमच्या फोटोंवरून रंगवतात. तेल गळत नाही, किडे लागत नाहीत, पर तडकत नाहीत. त्यासाठी कारागिराला तुमच्याकडून तीनच गोष्टी लागतात: लांबी, घेर आणि चांगले फोटो. मासा लागत नाही.

हे मला एकोणीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पुढचा बराच लेख लिहावा लागला नसता. पेंढा की पाणी, असा झगडा आता उरलेलाच नाही. भिंत हवी असेल तर भिंतही मिळते आणि मासाही पाण्यात जातो.

मोठाच का सोडायचा

जिताड्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो; हा बदल साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान होतो. माझा ९६ चा होता. बहुतेक 'तो' नव्हताच, 'ती' होती, आणि ती माझ्या खिळ्याला टांगलेली आहे. हेकरूचं (इंग्रजीत ग्रुपर) उलटं: तिथे माद्या आधी, आणि मोठे झालेले काही नर होतात. म्हणजे मोठेमोठे हेकरू वेचून काढले तर पाण्यात नरांचाच तुटवडा.

अंड्यांचा हिशोबही वाटतो तसा सरळ नाही. वजन दुप्पट म्हणजे अंडी दुप्पट, असं आपण धरून चालतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अटलांटिक कॉडचं उदाहरण होतं: ३० किलोची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी २ किलोच्या २८ माद्या मिळूनही घालत नाहीत. त्या २८ जणींचं वजन मात्र ५६ किलो.

म्हणूनच काही ठिकाणी नियमालाच दोन टोकं असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये जिताडा (त्यांचा बारामुंडी) ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवता येत नाही. मधला घ्या, पोर आणि आजी सोडा. मला हा नियम फार आवडतो, कारण खाणाऱ्यालाही मधलाच बरा लागतो.

पण सोडणं म्हणजे पुण्य, असं समजू नका. त्याच क्वीन्सलंडमध्ये कार्प पकडला तर तो पाण्यात परत टाकणं हाच गुन्हा, कारण तिथे तो उपरा आणि उपद्रवी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर आधीपासून सोडायच्याच इराद्याने गरवायला बंदी आहे: माशाला गंमत म्हणून त्रास देऊ नये, असा त्यामागचा विचार. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. तेव्हा तुमच्या पाण्याचा नियम आधी वाचा: कुठली जात, काय माप, कुठला हंगाम. बाकीचं त्यानंतर.

सोडायचा असेल तर

सुरुवात तंगुसापासून, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीपासून. बारीक तंगुसावर मोठा मासा खेळवण्यात फुशारकी असेल, पण तो अर्धा तास झुंजला की स्नायूंत आम्ल साचतं आणि तुम्ही सोडलेला मासा तासाभरात उताणा होतो. जाड तंगूस, भक्कम काठी, लवकर किनाऱ्याला.

गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. "मग मासा सुटतो," असं सगळे म्हणतात. तंगूस ताणलेला ठेवलात तर फारसा सुटत नाही. माझे जे सुटले ते माझ्या ढिलाईने. लूरवरच्या (नकली आमिषावरच्या) तिहेरी गऱ्या काढून एकेरी लावा. खरं आमिष लावत असाल तर गोल गरी वापरा. ती गिळलेल्या आमिषासकट मागे सरकते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. फक्त एक, झटका मारायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळत जायचं. हे हाताला शिकवायला मला दोन मोसम लागले. स्टेनलेसची गरी नको. आत राहिलीच तर साधी गंजून जाते, स्टेनलेस बसून राहते.

हातजाळं रबराचं, बिनगाठींचं. गाठींची नायलॉन जाळी खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. तो थर म्हणजे माशाचं चिलखत. तो गेला की बुरशी लागते. म्हणूनच हात ओले करून धरायचं, कोरड्या कापडाने नाही आणि तापलेल्या खडकावर तर अजिबात ठेवायचं नाही.

आता वेळेचं. १९९२ साली रेनबो ट्राउटवर केलेला एक प्रयोग मी भाच्याला नंतर सांगितला. मासे दमेपर्यंत पळवले. ज्यांना पाण्यातच ठेवलं त्यांतले १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. ज्यांना त्यानंतर ३० सेकंद हवेत धरलं त्यांतले ३८ टक्के. एक मिनिट धरलं त्यांतले ७२ टक्के. ट्राउट नाजूक, थंड पाण्याचा मासा; हे आकडे प्रत्येक जातीला जसेच्या तसे लावू नका. पण कारण सगळ्यांना लागू आहे: कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांना पाणी उचलून धरतं, हवेत ते ओल्या कागदासारखे एकमेकांना चिकटतात. धावून दमलेल्या माणसाच्या नाकातोंडावर हात दाबल्यासारखं ते आहे.

माझी युक्ती साधी. मासा पाण्याबाहेर उचलताना मी स्वतः श्वास रोखतो. मला श्वास घ्यावासा वाटला की मासा खाली. दमलेलो असतो, त्यामुळे वीस सेकंदांच्या वर कधी जात नाही. गरी काढणं, माप घेणं, हे सगळं मासा पाण्यात जाळ्यात असतानाच.

धरायचं आडवं: एक हात शेपटीच्या बुंध्याला, दुसरा पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे. जबड्याला पकडून उभा लटकवू नका. मोठ्या माशाचं सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर आणि कण्यावर येतं. पाण्यात त्याला हे वजन कधी उचलावंच लागलेलं नसतं. कल्ल्यांत बोटं नाहीत, कधीच नाहीत. जिताड्याच्या बाबतीत ही सूचना तुमच्या बोटांसाठीही आहे. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

गरी खोल गिळली असेल तर ओढाताण करू नका. तोंडाजवळ तंगूस कापा आणि गरी राहू द्या.

सोडताना पाण्यात सरळ धरा, तोंड प्रवाहाकडे. प्रवाह नसेल तर हळूहळू पुढे न्या, वळवा, पुन्हा पुढे. मागे-पुढे मागे-पुढे ढकलू नका; पाणी कल्ल्यांतून उलटं गेलं तर फायदा काहीच नाही. घाईने फेकूही नका. तो शेपटीने हाताला झटका देईल, तेव्हा मूठ सैल करायची. तो झटका बसला की मला अजूनही हसू येतं, का ते सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात मात्र जपून. १० अंशांच्या गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. मासा दमलेला, पाणी रिकामं. अशा दुपारी मोठ्या माशाच्या मागे मी जातच नाही. पहाटे जातो किंवा घरी झोपतो.

खोल पाण्याचं वेगळंच. २० मीटरवरून वर आणलेल्या माशाच्या पोटातल्या पिशवीतली हवा तिप्पट फुगते. डोळे बाहेर, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी. तो फुगा बहुतेक वेळा जठर असतं, हवेची पिशवी नव्हे, तेव्हा सुई टोचण्याचा शहाणपणा नको. वजन बांधलेल्या चिमट्याने जबडा धरून त्याला परत खोल न्यायचं आणि तिथे सोडायचं. अशी साधनं मिळतात. नाही तर प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून, दोरी आणि वजन बांधून, मासा त्याखाली घालून उतरवला तरी चालतं. खाली दाब वाढला की हवा आपोआप दबते आणि मासा निघून जातो.

माप आणि फोटो

प्रतिकृती करायची असो वा नसो, माप घ्या. खिशात शिंप्याची मऊ टेप ठेवा, लोखंडी नको. लांबी: तोंड मिटलेलं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत, शेपटीला खाच असेल तर खाचेपर्यंतचं मापही घ्या. अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवलीत तर दोन-तीन सेंटिमीटर फुकटचे मिळतात, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. घेर: जिथे मासा सर्वांत जाड तिथे, बहुधा पाठीवरचा पर सुरू होतो त्याच्या आसपास. टेप टेकवायची, आवळायची नाही.

वजनासाठी काट्याला लटकवायची गरज नाही. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि २८,९०० ने भागा. माप सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. इंच-पौंडांत हाच हिशोब ८०० ने भागून करतात. माझ्या जिताड्याचं: ५६ गुणिले ५६ गुणिले ९६, म्हणजे ३,०१,०५६. भागाकार १०.४. काट्यावर १०.६ भरला होता. सापासारख्या लांबुळक्या किंवा चपट्या माशांना हे सूत्र फसतं, बाकीच्यांना बरं जमतं.

विक्रमाची हौस असेल त्यांच्यासाठीही वाट आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही विक्रमांची नोंद ठेवणारी संस्था १९३९ सालची. तिने २०११ मध्ये लांबीचे विक्रम सुरू केले. त्यात मासा त्यांच्या अधिकृत मापपट्टीवर मोजून जिवंत सोडावाच लागतो.

फोटो चार पुरेत. एक पूर्ण बाजूचा, पर उघडे असताना. एक डोक्याचा जवळून. एक पाठीचा वरून. आणि एक तुमच्यासकट, कारण घरी दाखवायचा असतो. हात लांब पुढे करून मासा कॅमेऱ्यात कोंबायची युक्ती करू नका. बोटं केळ्यांएवढी दिसतात आणि चोरी पकडली जाते. ऊन माशाच्या पाठीमागे नको, फ्लॅश नको. ओल्या खवल्यांवर पांढरा ठिपका पडतो आणि कारागिराला रंग कळत नाही. कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा नंतर उचला. आणि त्याच दिवशी रंग चार शब्दांत लिहून ठेवा: पाठ शेवाळी, पोट पांढरं, डोळ्यात तांबूस चमक. आठवड्याने तुमच्या आठवणीत सगळे मासे सोनेरी होतात.

ठेवायचाच असेल तर

असे प्रसंग येतात. कल्ल्यातून भळाभळा रक्त जातंय, मासा कलंडतोय, तासभर धरूनही उभा राहत नाही. नियम आड येत नसेल तर असा मासा ठेवा. मरणारा मासा पाण्यात ढकलून "आम्ही सोडतो" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तडफडत ठेवू नका. डोक्यावर डोळ्यांच्या थोडं मागे एक नेमका फटका, लगेच. भरून घ्यायचा असेल तर भिंतीवर जी बाजू दिसणार ती आधीच ठरवा आणि फटका दुसऱ्या अंगाने द्या.

पोट फाडू नका, खवले काढू नका, धुवू नका. रंग उतरायच्या आत फोटो घ्या. पर अंगाला चिकटवून, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, शेपटीमागे पुठ्ठा लावून, प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करा आणि सपाट फ्रीझरमध्ये ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. कागद ओल शोषतो आणि कातड्याला चिकटतो. गोठलेले पर काचेसारखे तुटतात, म्हणून त्यावर काही ठेवायचं नाही. भाच्याने वर मटारची पिशवी ठेवली होती. शेवटी त्याच्या माशाची फायबरग्लासचीच प्रतिकृती झाली, आणि मासा आम्ही खाल्ला. एका माशात दोन्ही साधायचं तर हाच मार्ग. कातडं भरायला दिलं की मांस बहुतेक वाया जातं.

भिंत उन्हाची नको, स्वयंपाकघराची नको, ओलीची नको. धूळ झटकायला रंगाचा मऊ ब्रश घ्या आणि नेहमी डोक्याकडून शेपटीकडे फिरवा. उलटा फिरवलात की परांच्या कडा अडकतात. माझ्या जिताडीच्या शेपटीचं टोक मी असंच एका दिवाळीच्या साफसफाईत तोडलं. तुकडा टेबलाच्या खणात आहे, एका पाकिटात. चिकटवीन चिकटवीन म्हणता सोळा वर्षं झाली.